आवाजाची तुलना कोणाशी?

माणसाचा आवाज ऐकून मेंदूचा आजार ओळखणाऱ्या मशीन लर्निंगबद्दल सध्या जो वाद चालला आहे, तो दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढवला जातो आहे. एक बाजू नव्याण्णव टक्के अचूकतेचा आकडा पुढे करते. फोनवर काही सेकंद लांब ‘आ’ म्हणायचे की कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, आहे की नाही ते कळते, मग हे तंत्र घरोघरी न्यायला उशीर कशाला, असे तिचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, मुरलेल्या डॉक्टरची नजर यंत्राला कधी येणार नाही, तेव्हा हा सगळा बाजार आहे. पहिल्यांना तो आकडा कसा निघतो याची फिकीर नाही आणि दुसऱ्यांना आवाजात खरोखर काय काय उतरलेले असते याची कल्पना नाही. यंत्र विरुद्ध डॉक्टर अशी कुस्ती लावून दिली की मूळ प्रश्न आखाड्याबाहेरच राहतो. तो प्रश्न असा, की यंत्र एखाद्याचा आवाज तपासते तेव्हा त्याची तुलना ते कोणाच्या आवाजाशी करते?

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला आजार असल्याचे ठाऊक आहे, त्याचा आजचा आवाज त्याच्याच गेल्या महिन्यातल्या, गेल्या वर्षीच्या आवाजाशी ताडून पाहण्यासाठी हे तंत्र वापरायला हवे, आणि त्यात आपण फार मागे आहोत. काही तक्रार नसलेल्या माणसांचे आवाज मात्र अनोळखी लोकांच्या सरासरीशी ताडून त्यांच्यातून रोगी वेचून काढण्याचा उद्योग आज समर्थनीय नाही. आणि न विचारता कोणाचा आवाज तपासणे तर कधीच नाही.

आवाजात आजार उतरतो, याविषयी शंका घ्यायला जागा नाही. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला. तो अवघ्या सहा रुग्णांवर बेतलेला होता आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावरच पाहिलेले होते. तरीही हातापायांच्या थरथरीबरोबर बोलणे अस्पष्ट होत जाते, ही नोंद त्यात आहे. पुढे पॅरिसमध्ये शार्को या मेंदूरोगतज्ज्ञाने एकेक अक्षर तोडून बोलणे ही मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराची एक प्रमुख खूण मानली. १९६९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डार्ली, अ‍ॅरन्सन आणि ब्राउन या तिघांनी २१२ रुग्णांचे ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले, प्रत्येकाच्या बोलण्याला ३८ निकषांवर गुण दिले आणि मेंदूच्या कोणत्या भागात बिघाड झाला की बोलणे कोणत्या तऱ्हेने बिघडते, याची मांडणी केली. ती आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते. म्हणजे ‘आवाजावरून कुठे आजार कळतो का’ असे जे विचारतात, त्यांचा वाद यंत्राशी नाहीच. तो दोनशे वर्षांच्या वैद्यकाशी आहे.

आणि यात गूढ काही नाही. बोलणे ही शरीराची फार नाजूक कसरत आहे. छातीतून श्वास मोजून सोडावा लागतो, स्वरतंतू नेमक्या क्षणी जवळ आणावे लागतात, जीभ, टाळू, ओठ आणि जबडा यांच्या हालचाली सेकंदाच्या शतांश भागांत जुळवाव्या लागतात. स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांत दोनशेच्या आसपास कंप पावतात. निरोगी माणसातही हे कंप तंतोतंत सारखे नसतात. कंपवातात त्यांची अनियमितता वाढते, स्वरतंतू नीट मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज बसका आणि एकसुरी होतो, शब्द मध्येच घाईघाईने एकमेकांवर आदळतात. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात, बोलणे मंदावते आणि टाळूचे स्नायू दुबळे झाल्याने नाकात जाते. अल्झायमर्समध्ये आवाज जवळपास तसाच राहतो, पण नेमके शब्द सापडेनासे होतात, थांबे लांबतात, नामांच्या जागी ‘ते’ आणि ‘तसलं’ येऊ लागते. एका कंपातून दुसऱ्या कंपात झालेला बारीक फरक माणसाच्या कानाला वेगळा काढता येत नाही, संगणकाला येतो. इथवर तंत्राच्या समर्थकांचे सगळे बरोबर आहे.

गाडी घसरते ती आकड्यापाशी. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या आवाजांच्या संचांपैकी एक ऑक्सफर्डच्या मॅक्स लिटल आणि सहकाऱ्यांनी खुला केला. त्यात १९५ ध्वनिमुद्रणे आहेत, पण माणसे ३१, आणि त्यांपैकी २३ जणांना कंपवात. म्हणजे एकेका माणसाचा आवाज सहा-सात वेळा. आता ही ध्वनिमुद्रणे पिसून काही शिकवणीसाठी आणि काही परीक्षेसाठी वाटली, तर काय होईल? एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे जाईल. मॉडेलला, म्हणजे या उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, कंपवात ओळखायची गरजच उरणार नाही. माणूस ओळखला तरी उत्तर बरोबर येईल. या आणि अशा संचांवर पुढे बेतलेल्या कितीतरी अभ्यासांनी नेमकी हीच वाटणी केली. आवाज हा माणसाची ओळख पटवण्यात किती पटाईत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. फोनवर ‘हॅलो’ ऐकताच आपण माणूस ओळखतो. आजाराची खूण त्या ओळखीच्या तुलनेत फार क्षीण असते. मग मॉडेल सोपे ते का शिकणार नाही?

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४३ जणांच्या २६३ ध्वनिमुद्रणांवर जवळजवळ ९९ टक्के अचूकता मिळाली. वादात फिरणारा आकडा बहुधा याच कुळातला असतो. त्याच संशोधकांच्या वर्तुळातून २०१९ साली दुसरा अभ्यास आला. या वेळी लोकांनी आपापल्या घरून साध्या फोनवर आवाज दिला होता आणि रुग्णांची संख्या होती १,४८३. निरोगी लोक हजारोंनी. निकाल काय लागला? आजारी असलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के ओळखले गेले आणि निरोगी असलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांना निरोगी म्हटले गेले. हा दुसरा आकडा छापणाऱ्या संशोधकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. प्रयोगशाळेतला शांत कोपरा, चांगला मायक्रोफोन आणि मोजकी माणसे सोडून बाहेर पडल्यावर काय होते, ते त्यांनी लपवले नाही. पण चर्चेत येतो तो पहिला आकडा.

असाच धडा एकदा मिळून गेला आहे, आणि तो जुनाही नाही. कोविडच्या साथीत, २०२० साली, खोकल्याच्या आवाजावरून संसर्ग ओळखण्याचे मॉडेल अमेरिकेत तयार झाले आणि बाधितांपैकी ९८.५ टक्के ते बरोबर पकडते, असे सांगितले गेले. ब्रिटनमध्ये मग ६७ हजारांहून अधिक लोकांचे आवाज त्यांच्या चाचणीच्या निकालांसह गोळा केले गेले. वरवर पाहता त्यांवर घडवलेले मॉडेलही चांगले चालले. पण वय, लिंग आणि लक्षणे सारखी असलेल्या बाधित आणि अबाधित माणसांच्या जोड्या लावून पाहिल्यावर त्याचे बळ एकदम ओसरले. ज्या मोजमापात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे निर्दोष, त्यात ते ०.८५ वरून ०.६२ वर आले. बाधितांच्या गटात लक्षणे असलेले लोक जास्त होते आणि मॉडेल ती लक्षणेच ऐकत होते. ती तर लोकांना विचारूनही कळली असती. कंपवाताच्या संचांत लक्षणांच्या जागी वय बसवा, म्हणजे चित्र पूर्ण होईल. फोनवरून स्वयंसेवक गोळा केले की निरोगी गटात तरुण भरतात आणि रुग्णांच्या गटात साठीपुढचे. मग जे पकडले गेले ते आजारपण की म्हातारपण?

यात आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फार कोणी पाहत नाही. मॉडेलला ‘हा रोगी, हा निरोगी’ असे जे शिकवले जाते, ते मुळात डॉक्टरच्या निदानावरून. १९९२ साली लंडनमधल्या संशोधकांनी जिवंतपणी कंपवाताचे निदान झालेल्या १०० जणांच्या मेंदूचे मृत्यूनंतर परीक्षण केले, तेव्हा ७६ जणांचेच निदान खरे ठरले. निदानाच्या पद्धती त्यानंतर सुधारल्या, तरी चूक शून्यावर आलेली नाही. जी शिकवणीच इतकी डळमळीत, तिच्यावर ९९ टक्के मिळवणारे मॉडेल डॉक्टरच्या चुकाही तितक्याच इमानाने शिकलेले असणार.

भाषेचेही तसेच. या क्षेत्रातले मोठे संच इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन, झेक अशा मोजक्या भाषांतले आहेत. लांब ‘आ’ सर्व भाषांत सारखाच, असा युक्तिवाद होतो आणि तो काही अंशी खरा आहे. पण जिथे बोलणे तपासायचे आहे तिथे तो टिकत नाही. ‘प’ म्हणताना ओठ उघडणे आणि स्वरतंतू कंपू लागणे यांमधला सूक्ष्म अवधी हे एक आवडते माप आहे. ज्या भाषांत ‘प’ आणि ‘फ’, ‘क’ आणि ‘ख’ यांच्यातला भेद अर्थ बदलतो, त्या भाषा बोलणारे लोक हा अवधी इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा वेगळ्या रीतीने सांभाळतात. एका भाषेच्या सरासरीवर बसवलेली पट्टी दुसऱ्या भाषेच्या माणसाला लावली, तर तो बोलतो आहे बिनचूक आणि पट्टी म्हणते काहीतरी बिघडले आहे, असे होणार.

आता समजा, या सगळ्या उणिवा उद्या दूर झाल्या. एक असे मॉडेल मिळाले, जे शंभरातले ९० रोगी बरोबर पकडते आणि शंभरातल्या ९० निरोग्यांना बरोबर सोडून देते. साठीच्या पुढच्या लोकांत कंपवाताचे प्रमाण साधारण शंभरात एक धरले जाते. दहा हजार लोक तपासले, तर त्यांत १०० रोगी असतील आणि त्यांतले ९० सापडतील. पण उरलेल्या ९,९०० निरोग्यांपैकी ९९० जणांनाही ‘तुम्हाला कंपवात असू शकतो’ असा निरोप जाईल. निरोप मिळालेल्या बारा जणांत खरा रोगी एक. फोनवरच्या अभ्यासातली अचूकता धरली, तर तीन हजारांहून जास्त लोकांना हा निरोप जाईल आणि पन्नासांत एक खरा निघेल. शिवाय आधीच निदान झालेले लोक या चाचणीला येणारच नाहीत, म्हणजे प्रत्यक्षातले प्रमाण याहून वाईट. हे गणित शाळकरी आहे. दाखवणाऱ्याने ते दाखवले पाहिजे इतकेच. आणि न्यूरॉलॉजिस्टांची टंचाई आहे म्हणून यंत्र हवे, असे जे म्हणतात त्यांना माझा प्रश्न आहे. एका खऱ्या रुग्णामागे अकरा घाबरलेली निरोगी माणसे रांगेत उभी केल्याने ती टंचाई कमी होते की वाढते?

‘पण चाचणीने बिघडते काय? ना सुई, ना किरण, ना खर्च’ हा यावरचा नेहमीचा प्रतिप्रश्न. जपानने याच विचाराने १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी देशभर तपासायला घेतली. न्यूरोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांचा कर्करोग त्यातून लवकर कळत होता. तपासणी स्वस्त होती, निरुपद्रवी होती, आणि रोग सापडतही होते. मात्र कॅनडा आणि जर्मनीत काळजीपूर्वक अभ्यास झाले तेव्हा दिसले, की या तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. लवकर सापडणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच आपोआप विरून जाणाऱ्या होत्या आणि खऱ्या घातक गाठी नंतर उगवत होत्या. मध्यंतरी विनाकारण शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसलेली बाळे मागे राहिली. २००४ मध्ये जपानने तो कार्यक्रम थांबवला. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले, मृत्यूचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली लिहून ठेवलेले निकष याच अनुभवांची आठवण करून देतात. सापडलेल्या रुग्णासाठी मान्य उपचार असला पाहिजे, पुढचे निदान करण्याची आणि उपचाराची सोय असली पाहिजे. चाचणी सोपी आहे, हा त्या निकषांपैकी एक आहे, एकमेव नव्हे.

सरसकट तपासणी हवी म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कंपवाताची थरथर दिसू लागते, तोवर मेंदूतल्या डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. एएलएसच्या रुग्णाला पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पोहोचायला साधारण वर्ष लागते, आणि त्या आजारात वर्ष म्हणजे फार मोठा काळ. आजार थोपवणारे औषध शोधायचे, तर ते लवकरच्या अवस्थेतल्या लोकांवरच तपासावे लागेल. ते लोक सापडणार कसे? हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण नकार नाही.

पण लवकर कळल्याने आज रुग्णाच्या हाती काय पडते, हेही विचारले पाहिजे. नेदरलँड्समध्ये नव्याने कंपवात झालेल्या ४४५ जणांवर एक चाचणी झाली. काहींना लिव्होडोपा हे कंपवातावरचे मुख्य औषध लगेच सुरू केले, बाकीच्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांत फरक राहिला नाही. २०१९ साली आलेल्या या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा, की त्रास होऊ लागल्यावर औषध घेतले तरी चालते. आधी घेतल्याने आजाराची चाल बदलत नाही. अल्झायमर्समध्ये परिस्थिती थोडी वेगळी आहे. लेकॅनेमॅबसारखी औषधे २०२३ पासून आली, ती सुरुवातीच्याच अवस्थेत चालतात आणि घसरण थोडीशी मंद करतात. त्यांच्यामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. तिथे लवकर निदानाची बाजू उद्या भक्कम होऊ शकेल. ज्या दिवशी कंपवाताची चाल अडवणारे औषध हाती येईल, त्या दिवशी या लेखातला हा परिच्छेद मी आनंदाने मागे घेईन.

तोवर चाळणी लावायचीच, तर ती कुठे लावावी याचेही उत्तर आहे. काही लोक झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडतात, ओरडतात. स्वप्नाच्या झोपेत स्नायू जसे निपचित व्हायला हवेत तसे त्यांचे होत नाहीत. अशा १,२८० जणांचा २४ केंद्रांत पाठपुरावा झाला आणि बारा वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांना कंपवात किंवा त्याच्या कुळातला आजार होण्याचा अंदाज निघाला. इथे शंभरात एक हे गणित उरतच नाही. प्रागमधल्या संशोधकांना अशा लोकांच्या बोलण्यात निदानाआधीच बारीक बदल आढळले आहेत. हे लोक स्वतःहून झोपेच्या तज्ज्ञाकडे आलेले असतात, पुढे काय होऊ शकते हे त्यांना सांगितलेले असते, आणि औषधांच्या चाचण्यांना अशाच स्वयंसेवकांची गरज असते. त्यांच्या आवाजावर मॉडेल जरूर चालवावे. सगळ्या फोनधारकांवर ते मोकाट सोडण्यापेक्षा ही फार वेगळी गोष्ट आहे.

माझा आग्रह ज्या वापरासाठी आहे, त्याकडे आता येतो. कंपवाताचा रुग्ण डॉक्टरला भेटतो चार-सहा महिन्यांतून एकदा, पाव तास. त्या पाव तासात तो सावरून बसतो, नेटाने मोठ्याने बोलतो. घरचे लोक सांगतात की रोज असे नसते. आणि या आजाराची एक विचित्र खोड अशी, की आपला आवाज खाली गेला आहे हे रुग्णाला स्वतःला जाणवतच नाही. त्याला वाटते, समोरच्यालाच कमी ऐकू येते आहे. घरात त्यावरून रोजचे खटके उडतात. ‘मोठ्याने बोला’ म्हणून दमलेली बायको आणि ‘मी मोठ्यानेच बोलतोय’ म्हणून चिडलेला नवरा यांच्यात खरे कोण, हे सांगायला तिथे कोणी नसते. आठवड्यातून दोनदा तोच परिच्छेद, त्याच फोनवर, त्याच खोलीत वाचून घेतला, तर आवाजाची पातळी, चढउतार, थांबे, गती यांचा आलेख दोन महिन्यांत उभा राहतो. त्यात वयाचा गोंधळ नाही, लिंगाचा नाही, भाषेचा नाही, कारण दोन्हीकडे माणूस एकच. सर्दीपडशाने एखादा आठवडा बिघडेल. पण महिनाभराच्या नोंदींत तो कडेला पडलेला दिसेल. ज्या गुणामुळे मॉडेल फसत होते, म्हणजे ते आजाराऐवजी माणूस ओळखत होते, तो गुण इथे आपल्या बाजूने वळतो.

आणि या आलेखावर करण्यासारखे काहीतरी असते, हे महत्त्वाचे. आवाज खाली जाऊ लागला की वाचा-उपचार सुरू करता येतात. मोठ्याने बोलण्याचा सघन सराव घडवणारी एलएसव्हीटी लाउड ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली आणि तिचा उपयोग होतो हे तपासलेले आहे. वाचा बिघडते तेव्हा पुष्कळदा गिळण्यातही दोष येत असतो, आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे कंपवातातल्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. तेव्हा बोलण्यातली घसरण पाहून गिळण्याची तपासणी वेळीच करता येते. मेंदूत तार बसवून विद्युत स्पंदने देण्याच्या उपचाराने थरथर कमी होते, पण काहींचे बोलणे त्यानेच बिघडते. स्पंदनांची मात्रा बदलण्याआधीचा आणि नंतरचा आवाज समोर ठेवला, तर हात सुधारताना जीभ गमावतो आहोत का, ते दिसेल. एएलएसमध्ये तर बोलण्याची गती आधी मंदावते आणि शब्द अस्पष्ट नंतर होतात. ती घसरण वेळेत दिसली, तर माणसाला स्वतःचा आवाज साठवून ठेवता येतो, म्हणजे पुढे यंत्र त्याच्यासाठी बोलेल तेव्हा ते त्याच्याच आवाजात बोलेल. गिळणे अवघड होऊ लागल्यावर पोटात नळी बसवायची तीही श्वास बऱ्यापैकी असताना बसवलेली बरी. यातला एकही निर्णय ९९ टक्क्यांच्या आकड्यावर अवलंबून नाही.

यावर मर्यादा कुठे आहेत तेही सांगतो, नाहीतर मीही तोच दोष करीन. लिव्होडोपाने हाताची हालचाल जशी सुधारते तशी वाचा सुधारत नाही, तेव्हा केवळ आवाजावरून औषधाची मात्रा ठरवू पाहणे चूक आहे. पाठपुराव्याचे अभ्यासही डोळे झाकून स्वीकारू नयेत. २०१० साली गाजलेल्या एका अभ्यासात ४२ रुग्णांची सहा महिन्यांत घरी घेतलेली ५,८७५ ध्वनिमुद्रणे होती आणि मॉडेलने आजाराच्या तीव्रतेचे गुण दर आठवड्याला बऱ्यापैकी जवळून सांगितले. पण डॉक्टरांनी रुग्णांना प्रत्यक्ष तपासले होते सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. मधल्या आठवड्यांचे गुण सरळ रेष ओढून भरलेले होते. म्हणजे आठवड्याआठवड्याचा चढउतार खरोखर पकडला गेला का, हे त्यातून ठरत नाही. असे अभ्यास नव्याने, अधिक तपासण्यांसह व्हायला हवेत. पैसा आणि बुद्धी ज्या प्रमाणात ‘रोगी की निरोगी’ या कोड्यावर खर्च होते आहे, त्याच्या निम्मी तरी इकडे वळली पाहिजे.

राहिला संमतीचा प्रश्न. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर्स असल्याचे १९९४ साली जाहीर केले; पद सोडून तेव्हा पाच वर्षे उलटली होती. २०१५ साली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्यांच्या पत्रकार परिषदांतली उत्तरे तपासली, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष थोरले बुश यांच्या उत्तरांशी ताडून पाहिली, आणि रेगन यांच्या बोलण्यात कारकिर्दीतच मोघम शब्द वाढत गेले आणि निरनिराळे शब्द घटत गेले, असे दाखवले. रेगन कारकिर्दीत आजारी होते हे यातून सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. पण एक गोष्ट सिद्ध झाली. माणूस खोलीत नसताना, त्याला न विचारता, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याच्या मेंदूविषयी तर्क करता येतो. रक्त काढायला दंड पुढे करावा लागतो. आवाज आपण दिवसभर सांडत असतो. विमा कंपनीच्या दूरध्वनीवर, नोकरीच्या मुलाखतीत, बँकेच्या ओळखपडताळणीत. अमेरिकेने २००८ साली कायदा करून नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घातली. आयुर्विमा त्यातूनही सुटला, आणि आवाज हे तर जनुक नव्हे. जनुकात जे लिहिलेले आहे ते वाचायला बंदी आणि तेच आवाजात उमटले तर वाचायला मुभा, याला काय अर्थ आहे?

‘कळले तर बरेच ना, लपवायचे काय त्यात’ असे म्हणणाऱ्यांनी हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा इतिहास पाहावा. १९८३ साली त्या आजाराचा जनुकीय माग लागला, १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. आई किंवा वडिलांना तो आजार असेल, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. चाचणी आली की धोक्यातले बहुतेक लोक ती करून घेतील, असे आधी वाटत होते. प्रत्यक्षात थोड्याच लोकांनी घेतली. या शोधासाठी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षे काम केलेल्या नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली होती. आपल्यालाही तो आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०२० साली. उपचार नसलेल्या आजाराची बातमी कधी ऐकायची, ऐकायची की नाही, हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा आहे, म्हणून त्या चाचणीआधी समुपदेशनाची रीत घालून दिली गेली. आवाजाच्या बाबतीत ती रीत कुठे आहे? ॲप उघडून दहा सेकंदांत ‘धोका जास्त’ अशी ओळ वाचणाऱ्या माणसाजवळ त्या क्षणी कोण असते?

आवाज तपासण्याआधी प्रत्येक वेळी, स्वतंत्रपणे, नेमक्या कारणासाठी परवानगी घेणे कायद्याने बंधनकारक हवे, आणि दुसऱ्या कामासाठी नोंदवलेल्या आवाजावर आरोग्याचे मॉडेल चालवायला सरसकट बंदी हवी. याने संशोधन अडेल, अशी तक्रार येईल. थोडे अडेलही. पण स्वेच्छेने आवाज देणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. फोनवरच्या अभ्यासात हजारो लोकांनी तो दिलाच होता. कमतरता आहे ती त्या आवाजाबरोबर वय, औषधे, तपासणीचे निकाल यांची नीट नोंद ठेवण्याची, आणि ती चोरून ऐकल्याने भरून निघत नाही.

यातूनच पुढची मागणी निघते, जी मला सध्या सर्वांत निकडीची वाटते. माणसाची खरी फूटपट्टी जर त्याचाच जुना आवाज असेल, तर ती जुनी ध्वनिमुद्रणे त्याच्या वैद्यकीय फायलीचा भाग आहेत, एक्स-रे आणि रक्ताच्या अहवालाइतकीच. आज ती ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतात. ॲप बंद पडले, फोन बदलला, रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की दोन वर्षांचा आलेख नाहीसा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. कंपनीकडे मात्र तोच आवाज पुढचे मॉडेल घडवायला राहतो. ही ध्वनिमुद्रणे साध्या, कुठेही उघडता येणाऱ्या स्वरूपात, तारीख, वेळ आणि त्या वेळी चालू असलेल्या औषधांच्या नोंदीसह रुग्णाला मागताक्षणी मिळाली पाहिजेत, आणि त्याने सांगितले की कंपनीकडून पुसली गेली पाहिजेत. आवाजावर चालणाऱ्या कोणत्याही वैद्यकीय साधनाला मान्यता देणाऱ्यांनी अचूकतेचा आकडा विचारण्याआधी ही अट विचारावी.